बारा शब्द डोक्यात कसे ठेवावेत? (क्रिप्टो वॉलेटचा बॅकअप)

नळस्टॉप (धागाकर्ता) | शुक्र, रात्री १०:४२

मंडळी, क्रिप्टो म्हणजे जुगार की गुंतवणूक यावर इथे आधीच तीन धागे शंभरी पार करून गेलेत. तो वाद कृपया तिकडेच घाला. माझा प्रश्न फक्त शब्दांचा आहे.

२०२० साली थोडे बिटकॉइन घेतले. थोडेच, पण हरवले तर महिनाभर झोप लागणार नाही इतके. वॉलेट सुरू करताना ॲपने बारा इंग्रजी शब्द दाखवले. लिहून ठेवा, फोन गेला तरी एवढ्यावर सगळं परत मिळेल, असं बजावलं. हाताशी कागद नव्हता, म्हणून मावसभावाच्या मुंजीच्या पत्रिकेमागे लिहिले आणि पत्रिका कपाटात टाकली. यंदा गणपतीची आवराआवर झाली, त्यात ती पत्रिका रद्दीत गेली. बायकोची चूक नाही. पाच वर्षं जुनी मुंजीची पत्रिका कोण ठेवतं?

फोन चालू आहे, त्यामुळे पैसे जागेवर आहेत. आता नवं वॉलेट काढायचंय आणि कागदाची भानगडच नकोय. शब्द असे हवेत की झोपेतून उठवून विचारले तरी सांगता येतील. आमची आजी जात्यावर एक ओवी म्हणायची. तिच्यातले बारा शब्द घ्यायचे, दोन बदलायचे, एका जागी वाड्याचा घर नंबर घालायचा. जगात कोणाला सुचणार आहे? की यात काही गोची आहे?

---

डबलबेल | शुक्र, रात्री १०:५१

आधी पैसे हलवा, मग धागा काढा. तुमच्या तिजोरीची किल्ली आत्ता कुठल्यातरी रद्दीच्या गोडाऊनमध्ये काट्यावर पडलीय. आज रात्रीच नवं वॉलेट उघडा, ते जे बारा शब्द देईल ते धडधडीत कागदावर लिहा, सगळं तिकडे वळवा. ओवी उद्या.

---

खारीबिस्कीट | शुक्र, रात्री १०:५८

+१. रद्दीवाल्याला त्या शब्दांचं काही पडलेलं नसेल, पण पुढे ती पत्रिका भेळेचा कागद होऊन कोणाच्या हातात पडेल सांगता येत नाही.

---

नळस्टॉप | शुक्र, रात्री ११:३५

हलवले. हात थरथरत होते. आता बोला.

---

उणेअधिक | शनि, सकाळी ७:१०

आता शांतपणे बोलू. तुमच्या मनात जे आहे त्याला 'ब्रेन वॉलेट' म्हणतात. बिटकॉइनच्या सुरुवातीच्या वर्षांत ती फॅशनच होती. मनातलं एखादं वाक्य घ्यायचं, त्याचा एसएचए-२५६ हॅश काढायचा (कुठल्याही मजकुराचा ठरावीक लांबीचा आकडा करणारं गणित), आलेला आकडा हीच पैसे खर्च करायची खासगी किल्ली. कागद नाही, फाइल नाही, सीमा ओलांडताना झडतीत सापडायला काही नाही. ऐकायला झकास.

त्याचं पुढे काय झालं ते ऐका. रायन कॅस्टेलुची नावाच्या संशोधकाने २०१५ साली लास व्हेगासच्या डेफ कॉन या हॅकर लोकांच्या परिषदेत अशी वॉलेटं फोडायचं स्वतःचं साधन सगळ्यांसमोर मांडलं. पुढच्या वर्षी त्याने आणि इतर काही अभ्यासकांनी मिळून जवळजवळ ३०० अब्ज संभाव्य वाक्यं तपासली आणि खरोखर वापरात आलेली ८८४ वॉलेटं शोधून काढली. त्यातली २१ सोडून सगळी रिकामी झालेली होती. बहुतेक चोवीस तासांत, कित्येक तर पैसे पडल्यावर काही मिनिटांत. म्हणजे चोर तुमच्या मागावर नव्हताच. तो आधीच जाळं टाकून बसला होता, तुम्ही आपणहून जाळ्यात पोहत आलात.

आता तुमच्या ओवीचा हिशोब करू. समजा मराठीत आजवर कुठेतरी नोंदलेल्या ओळी एक कोटी आहेत. बारांपैकी कुठलेही दोन शब्द बदलायचे, तर जागा निवडायच्या रीती ६६. प्रत्येक बदलासाठी दहा हजार शब्दांतून एक, म्हणजे दोन्ही मिळून १० कोटी शक्यता. सगळ्यांचा गुणाकार होतो ६६ वर १५ शून्यं. भला मोठा वाटतो, पण एक परार्धसुद्धा (१ वर १७ शून्यं) भरत नाही.

यंत्राने नशिबावर सोडून काढलेल्या बारा शब्दांच्या शक्यता किती? परार्ध गुणिले परार्ध, आणि त्याला पुन्हा ३४ हजारांनी गुणा.

---

खारीबिस्कीट | शनि, सकाळी ७:४०

पण धागाकर्त्याच्या आजीची ओवी नेटवर नाहीच ना! चोराच्या कोट्यवधी ओळींत ती सापडणार कुठून?

---

उणेअधिक | शनि, सकाळी ८:०५

आजीची म्हणून सांगितलेली ओवी नव्वद टक्के वेळा शेजारच्या तीन तालुक्यांच्या आज्यांचीही असते. लोकसाहित्य गोळा करणाऱ्यांनी गावोगाव फिरून जात्यावरच्या ओव्या टिपल्यात, छापल्यात, ध्वनिमुद्रित केल्यात. पण तेही सोडा. मुद्दा असा की 'कोणाला सुचणार आहे' हे तुम्हाला मोजता येत नाही, आणि जे मोजता येत नाही त्यावर पैसे ठेवायचे नाहीत. नाणं १२८ वेळा उडवलं तर चोराला काय काय तपासावं लागेल हे मी छातीठोक सांगू शकतो. तुमच्या डोक्यात काय आहे हे तुम्हालाही सांगता येणार नाही.

शिवाय आजची बहुतेक वॉलेटं मनातलं वाक्य घेतच नाहीत. ती बिप-३९ नावाच्या ठरावाप्रमाणे चालतात. तो २०१३ चा. त्याची २०४८ शब्दांची पक्की यादी आहे, 'अबँडन'पासून 'झू'पर्यंत. २०४८ म्हणजे २ चा ११ वा घात, म्हणून एक शब्द म्हणजे बरोबर ११ बिट (एक बिट म्हणजे नाण्याची एक उडवणी, ० किंवा १). बारा शब्दांचे १३२. त्यातले १२८ नशिबाचे आणि उरलेले ४ पडताळ्याचे, ते आधीच्या १२८ वरून गणित करून येतात. यादीतले बारा शब्द मनाने जुळवलेत, तर सोळांत एखाद्या वेळीच वॉलेट ते मान्य करेल.

---

बॅकबेंचर | शनि, सकाळी ९:२२

हे मी केलंय. अकरा शब्द मनाने घेतले (आमच्या वर्गातल्या मुलांच्या टोपणनावांना जवळचे), मग बारावा शब्द एकेक करून लावत बसलो. लागला की हो! ऑगस्टपासून वापरतोय. माझे शब्द असे आहेत:

*[संपादक: पुढचा मजकूर उडवला आहे. सदस्यांनी आपले खरे शब्द धाग्यावर लिहू नयेत. हे लिहावं लागेल असं वाटलं नव्हतं.]*

---

डबलबेल | शनि, सकाळी ९:३१

अरे देवा. बॅकबेंचर, आता तुम्हीपण पैसे हलवा. संपादकांनी उडवेपर्यंत किती जणांनी पान उघडलं असेल?

---

उणेअधिक | शनि, सकाळी ९:४४

आणि बारावा शब्द 'लागला' याचं कौतुक नको. पहिले अकरा कुठलेही घेतले तरी २०४८ पैकी १२८ शब्द शेवटी बसतातच. पडताळा फक्त लिहिताना झालेली चूक पकडतो. तुम्ही शब्द नशिबाने काढले की वर्गाच्या हजेरीपटावरून, हे त्याला कळत नाही.

---

बॅकबेंचर | शनि, सकाळी १०:१५

हलवले. तोंड लपवतो.

---

नळस्टॉप | शनि, दुपारी १२:००

मग काय, पाठांतर सोडून द्यायचं? मला आलेले बारा शब्द म्हणजे एकमेकांना न ओळखणारी माणसं एसटीच्या एका बाकड्यावर कोंबल्यासारखी आहेत. आणखी एक शंका. वॉलेटमध्ये 'नवे शब्द द्या' असं बटण असतं. ते वीस वेळा दाबलं आणि त्यातला सोपा संच घेतला तर पाप लागतं का?

---

उणेअधिक | शनि, दुपारी १२:२६

हा या धाग्यावरचा आत्तापर्यंतचा सगळ्यात चांगला प्रश्न. पाप लागतं, पण मोजून लागतं. वीस संचांतून एक निवडलात तर साधारण सव्वाचार बिट जातात. १२८ चे पावणेचोवीसाशे झाले म्हणा... चुकलो, १२३ आणि वर पाऊण. (टायपताना चहा सांडला.) हजार वेळा दाबलंत तरी दहा बिट. खुशाल दाबा. नशिबाने दिलेल्यांतून आपण निवडतोय, हे एक. आपल्या आवडीतून नशीब काढायला जाणं, हे दुसरं. पहिल्यात तोटा किती ते माहीत असतं. दुसऱ्यात तळ कुठे आहे तेच दिसत नाही.

म्हणून क्रम असा ठेवा: शब्द नशिबाने येऊ देत. ते लक्षात राहावेत म्हणून लागणारी सगळी कारागिरी त्यानंतर.

---

पेठेतलीसून | शनि, दुपारी १:५०

कारागिरीवर मी बोलते. माहेर कोल्हापूर, लग्न होऊन नारायण पेठेत आले तेव्हा सासूबाईंनी पहिल्या आठवड्यात पेठा पाठ करायला लावल्या, नाहीतर रिक्षावाला फिरवून आणेल म्हणाल्या. वारांच्या सात: सोमवार, मंगळवार, बुधवार, गुरुवार, शुक्रवार, शनिवार, रविवार. मग कसबा, सदाशिव, नारायण, नाना, भवानी. मोजा. बारा होतात.

प्रत्येक पेठेत एक शब्द सोडायचा, आणि तो तिथे काहीतरी विचित्र करताना बघायचा. समजा (हे माझे शब्द नाहीत, संपादक!) 'टायगर', 'अंब्रेला', 'मँगो' असे आले. सोमवार पेठेत वाघ रुग्णालयाच्या रांगेत केसपेपर धरून उभा. मंगळवार पेठेत जुन्या बाजारात एकच भलीमोठी छत्री विकायला, तिच्याखाली अख्खा बाजार. बुधवार पेठेत आंब्यांना दर्शनाची रांग. जितकं वेडगळ तितकं टिकतं. शहाण्यासारखं चित्र दोन दिवसांत पुसलं जातं, हा स्वानुभव.

वारांचा क्रम विसरता येतच नाही, त्यामुळे पहिल्या सात शब्दांची जागा चुकत नाही. पुढच्या पाचांचा क्रम एकदाच ठरवा आणि तोच ठेवा.

---

खारीबिस्कीट | शनि, दुपारी २:०५

क्रम चुकला तर चालत नाही का? शब्द तर तेच आहेत.

---

उणेअधिक | शनि, दुपारी २:२०

अजिबात चालत नाही. बारा शब्दांचे क्रम ४७ कोटी ९० लाख १ हजार ६०० होतात आणि त्यातला एकच तुमचा. पण उलट बाजूने हेही लक्षात घ्या की संगणकाला ४८ कोटी म्हणजे काही फार नाही, त्यातले सोळांपैकी पंधरा पडताळ्यातच गळतात. म्हणजे शब्द उलटसुलट लिहून ठेवले की चोर फसेल, असं समजू नका. तीच गोष्ट एखादा शब्द गाळून लिहिण्याची. एक गाळला तर २०४८ प्रयत्न, दोन गाळले तर साधारण ४२ लाख. चोराला किरकोळ. मात्र तुम्ही स्वतः विसरलात तर हेच गणित तुमच्या कामाला येतं.

---

घनपाठी | शनि, सायं ६:१५

वाचतोय कालपासून, आता राहवत नाही. मी वेदपाठशाळेत शिकलो, पुढे आयटीत गेलो. क्रम न चुकता शब्द डोक्यात ठेवणं हा प्रश्न आपल्याकडे फार जुना आहे, आणि तोही अर्थावर अवलंबून न राहता सोडवलेला.

जटापाठ करा. पहिले दोन शब्द घ्या. एक-दोन, दोन-एक, एक-दोन. मग दोन-तीन, तीन-दोन, दोन-तीन. असं अकरा-बारापर्यंत. बारा शब्दांच्या अकरा जोड्या होतात, सगळा पाठ मिळून दोन मिनिटांचा. गंमत अशी की प्रत्येक सांधा सुलट, उलट आणि पुन्हा सुलट असा जिभेवरून जातो, त्यामुळे कुठे शब्द गळला किंवा अदलाबदल झाली तर जीभच अडखळते. हाही पडताळाच, फक्त हॅश ऐवजी कानाने केलेला. घनपाठ आणखी पक्का (एक-दोन, दोन-एक, एक-दोन-तीन, तीन-दोन-एक, एक-दोन-तीन), पण तेवढी गरज नाही.

मोठ्याने म्हणू नका एवढंच. आमच्या सोसायटीत भिंती पातळ आहेत.

---

आजोबांचाचष्मा | शनि, रात्री ८:४०

बाळांनो, मी निवृत्त संस्कृत शिक्षक. बिटकॉइन माझ्याकडे नाही, नातवाकडे आहे, त्याच्यासाठी हे लिहितो.

या यादीतल्या प्रत्येक शब्दाला पक्का क्रमांक आहे, असं उणेअधिक यांच्या लिहिण्यावरून समजलं. म्हणजे शब्द सोडून बारा आकडेच लक्षात ठेवले तरी काम होतं. आणि आकडे लक्षात ठेवायला आपल्याकडे कटपयादी आहे. क-ट-प-य म्हणजे १. ख-ठ-फ-र म्हणजे २. ग-ड-ब-ल ३, घ-ढ-भ-व ४, ङ-ण-म-श ५, च-त-ष ६, छ-थ-स ७, ज-द-ह ८, झ-ध ९ (मराठीत ळ ला ९ धरावा), आणि ञ, न व नुसता स्वर ०. जोडाक्षरात शेवटचं व्यंजन धरायचं, काना-मात्रा-अनुस्वार हवे तसे. जुने लोक आकडे उजवीकडून डावीकडे वाचत, तुम्ही सरळ वाचा.

आता बघा. कोथरूड: क १, थ ७, र २, ड ३. झाला १७२३. येरवडा १२४३. पाषाण १६५. मिसळ ५७९. आणि कात्रज? क १, त्र मधला र २, ज ८. म्हणजे १२८.

आकडा नशिबाने आलेला असतो, पण त्याचा शब्द करताना अक्षर निवडायला मोकळीक असते आणि स्वर तर पूर्ण आपले. शब्द आपल्या आवडीचा होतो, आकड्याचं नशीब मात्र तसंच राहतं.

---

उणेअधिक | शनि, रात्री ८:५२

कात्रज = १२८! सर, साष्टांग. बारा शब्दांत नशिबाचे बरोबर तेवढेच बिट असतात.

एक सावधगिरी. काही याद्या ० पासून मोजतात, काही १ पासून. 'झू' एकीकडे २०४७, दुसरीकडे २०४८. आकडे लिहिणार असाल तर कुठून मोजलं तेही लिहा, नाहीतर बाराही शब्द एकेक घर सरकतील.

---

अनुस्वार | रवि, सकाळी १०:३०

हे सगळं ठीक आहे, पण मुळात यादी इंग्रजी का? अधिकृत दहा याद्या आहेत. इंग्रजी, स्पॅनिश, फ्रेंच, इटालियन, झेक, पोर्तुगीज, जपानी, कोरियन आणि दोन प्रकारची चिनी. एकही भारतीय भाषा नाही. पोर्तुगीज आहे, म्हणजे वसईपर्यंत येऊन थांबलंय म्हणायचं.

मी मराठी यादी करायला घेतली होती. चारशे शब्दांपर्यंत पोचलो आणि भाषेने हात टेकायला लावले. इंग्रजी यादीत पहिली चार अक्षरं कळली की शब्द पक्का होतो. मराठीत 'अक्षर' म्हणजे काय धरायचं? 'स्त्री' हे एक अक्षर, संगणकाच्या लेखी सहा खुणा. दिन आणि दीन, शिर आणि शीर, सुत आणि सूत या जोड्यांतला एकेकच ठेवता येतो. फोनवर सांगायचं तर न आणि ण वेगळे ऐकू यायला हवेत (इथे पेठांनी हसू नये). गंध लिहायचं की गन्ध? आणि निम्मे जण विचारतात, 'घोडा' आहे का 'घोड्या'?

बरं, कवितेचा मार्गही लोकांनी आधी चोखाळलाय. इलेक्ट्रम नावाचं वॉलेट २०११ मध्ये आलं, त्याची पहिली यादी १६२६ शब्दांची होती आणि ती आधुनिक इंग्रजी कवितेत वारंवार येणाऱ्या शब्दांवरून केलेली. १६२६ च का, तर तीन शब्दांत ३२ बिट जेमतेम मावतात. म्हणजे नळस्टॉप, तुमची ओवीची ओढ अगदीच वेडी नाही. शब्द कवितेतले चालतात, ओळ कवितेतली चालत नाही.

---

पर्वतीच्यापायऱ्या | रवि, सकाळी ११:४५

अनुस्वार यांची व्यथा मी पैशांत भोगलीय. बारा शब्दांवर आपला एक जास्तीचा गुप्त शब्द लावता येतो, तो यादीतला नसला तरी चालतो. मी हौसेने मराठी लावला. आयडी बघून कळेलच तसला, 'ऱ्या' असलेला.

वर्षभराने नव्या फोनवर वॉलेट उघडलं. बारा शब्द बरोबर, गुप्त शब्द बरोबर, शिल्लक शून्य. घाम फुटला. चुकीचा शब्द टाकला तर ते 'चूक' असं म्हणतच नाही! प्रत्येक गुप्त शब्दाला एक वेगळं, वैध, रिकामं वॉलेट असतं.

तीन दिवसांनी उलगडा झाला. 'ऱ्या' दोन तऱ्हेने टंकता येतो. एका कळफलकावर खास ऱ ला हलन्त देऊन, दुसऱ्यावर साधा र, हलन्त आणि मध्ये एक न दिसणारी जोडखूण. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, आत वेगळे. वॉलेट शब्दांचं प्रमाणीकरण करतं, पण हे दोन प्रकार त्यात एक होत नाहीत. ॲ चंही तसंच, एक अखंड ॲ आणि एक अ वर चंद्र दिलेला. जुना लॅपटॉप अजून होता म्हणून वाचलो.

तेव्हापासून मराठीवर प्रेम कविता वाचून करतो, किल्लीत नाही.

---

अनुस्वार | रवि, दुपारी १२:०२

हा प्रतिसाद छापून यादीच्या फाइलला लावतो आणि फाइल बंद करतो. तसंही बिप-३९ च्या ठरावातच म्हटलंय की इंग्रजीखेरीज दुसरी यादी शब्द काढायला वापरू नये, कारण बहुतेक वॉलेटं फक्त इंग्रजीच ओळखतात.

---

नळस्टॉप | रवि, दुपारी ४:१०

मध्येच एक सांगतो. काल रात्री 'वॉलेट सहाय्य' अशा नावाच्या नव्या आयडीकडून व्यनि (व्यक्तिगत निरोप) आला. 'तुमचा धागा वाचला, शब्द पाठवा, ते सुरक्षित आहेत का तपासून देतो.' इतक्या गोड मराठीत की क्षणभर खरंच वाटलं.

*[संपादक: आयडी बंद केला आहे. असे व्यनि आणखी कोणाला आले असतील तर कळवा.]*

---

ओपीडी | रवि, रात्री ९:२०

डॉक्टर म्हणून एक नावडतं बोलतो. पेठा, जटा, कटपयादी सगळं सुंदर आहे, पण डोकं हे एकमेव ठिकाण ठेवू नका. पक्षाघातानंतर स्वतःच्या मुलीचं नाव न आठवणारी माणसं मी दर महिन्याला बघतो. माणूस समोर बसलेला असतो, सगळं समजत असतं, नेमका शब्द येत नाही. अपघात, भूल, ताप, म्हातारपण, काहीही पुरतं. आणि तुम्ही गेलात तर बायकोने काय करायचं? तिला तुमच्या सोमवार पेठेतला वाघ दिसणार नाहीये.

पाठ जरूर करा, पण लिहिलेलं असू द्या.

---

तांबटआळी | रवि, रात्री १०:०५

लिहायचं तर धातूवर लिहा. आमच्या घराने पानशेत पाहिलंय. १२ जुलै १९६१ ला धरण फुटलं तेव्हा आजोबांची खतं, हुंड्या, पत्रिका, सगळ्याचा लगदा झाला. माळ्यावरची तांब्याची घागर चिखलातून काढून घासली, तिच्यावरचं पणजीचं नाव आजही वाचता येतं. २०२४ च्या जुलैत सिंहगड रस्त्यावर एकतानगरीत पाणी शिरलं, तिथल्या लोकांना विचारा कागदांचं काय झालं ते.

तांबं १०८५ अंशांना वितळतं, स्टील त्याहून बरंच वर. घराच्या आगीत स्टील टिकायला हरकत नाही. ॲल्युमिनियमच्या नादी लागू नका, ते ६६० लाच बसतं. स्टीलच्या जाड ताटलीवर प्रत्येक शब्दाची पहिली चार अक्षरं खोदली तरी पुरतात.

---

खारीबिस्कीट | रवि, रात्री १०:१२

म्हणजे भांड्यांवर नाव घालून देतात तसं! तुळशीबागेत दहा मिनिटांत होईल. डब्याच्या बुडावर 'चि. सौ. कां.' ऐवजी 'टायगर अंब्रेला'.

---

तांबटआळी | रवि, रात्री १०:२०

आणि दुकानदार विचारेल, 'ताई, पुढचा शब्द काय?' नको. खोदायचं यंत्र हातात धरायचं, लहानसं असतं, घरी बसून स्वतः खोदा. आणि तो डबा लग्नात आहेर म्हणून जाणार नाही याची काळजी घ्या. आमच्याकडे स्टीलचे डबे फिरतात.

---

डबलबेल | सोम, सकाळी ८:०५

अर्धे शब्द एका ताटलीवर, अर्धे दुसरीवर, एक माहेरी एक सासरी?

---

उणेअधिक | सोम, सकाळी ८:४०

बारा शब्दांचे दोन तुकडे नकोत. एक तुकडा चोराला मिळाला तर उरलेल्या सहा शब्दांत जेमतेम ६२ बिटांचं काम राहतं, आणि एक तुकडा हरवला तर तुम्हीही तिथेच अडकता. वाटणीच करायची तर संकेतशास्त्रज्ञ शमीर यांनी १९७९ मध्ये मांडलेली रीत आहे. तीन तुकडे, त्यातले कुठलेही दोन पुरतात, एकट्या तुकड्यावरून काहीच कळत नाही. काही वॉलेटं ती देतात, त्यांची यादी वेगळी, १०२४ शब्दांची. पण दोन घरांत दोन पूर्ण ताटल्या, हे बहुतेकांना पुरे.

---

पेठेतलीसून | सोम, सकाळी ९:१५

एक शंका. यंत्राने काढलेलं नशीब मला पटत नाही. घरी सारीपाटाच्या कवड्या आहेत, त्या टाकून शब्द काढले तर?

---

उणेअधिक | सोम, सकाळी ९:५०

कवडीची पाठ आणि पोट सारखं नसतं, ती एका बाजूला जास्त पडते. नाणं बरं. छापा-काटा, अकरा वेळा उडवलं की एक शब्द. कवड्याच हव्यात तर एकच कवडी दोनदा टाका. उताणी-पालथी पडली तर ०, पालथी-उताणी तर १, दोन्हीदा सारखी पडली तर तो डाव सोडून द्या. गणितज्ञ फॉन नॉयमन यांची १९५१ ची युक्ती, कवडी कितीही वाकडी असली तरी निकाल सरळ. फक्त पाचशेच्या वर टाकाव्या लागतील. शेवटच्या शब्दाचे सातच बिट टाकायचे, उरलेला पडताळा नेट नसलेल्या यंत्रावरच काढायचा.

---

पेठेतलीसून | सोम, सकाळी ९:५८

पाचशे? मंगळागौरीच्या जागरणाला काढते.

---

नळस्टॉप | शनि, सायं ७:३०

अपडेट. 'नवे शब्द द्या' अठरा वेळा दाबलं. चौदावा संच घेतला, त्यात निदान 'अंकल'सारखे ओळखीचे चेहरे होते (हा त्यातला नाही, संपादक). पेठा लावल्या, पाच दिवस सकाळी टेकडीवर जटा म्हटली. मग छोटी रक्कम ठेवून वॉलेट मुद्दाम पुसलं आणि डोक्यातून पुन्हा उघडलं. पहिल्या फेरीत गुरुवार पेठ रिकामी निघाली. अख्खी पेठ आठवतेय, माणूस गायब. कागद काढून बघितला, मग आता तिथे असं काही चित्र लावलंय की ते इथे लिहिता येणार नाही. दुसऱ्या फेरीत बाराच्या बारा आले, त्यानंतरच बाकीचे पैसे सरकवले.

बायकोला पेठा सांगितल्या. ती म्हणाली, मला ताटलीच दे.

आता प्रश्न ताटलीचा. खोदायचं यंत्र एका संध्याकाळपुरतं कोणाकडे मिळेल का? कोथरूड-कर्वेनगर बाजूला असेल तर बरं.

---

तांबटआळी | शनि, रात्री ८:१०

माझ्याकडे आहे, रविवारी या. जुनी ताटली घेऊन या, आधी तिच्यावर हात बसवा, पहिल्यांदा 'ट' नेहमी सरकतो. खऱ्या ताटलीची वेळ आली की मी गच्चीवर जाऊन बसतो, झालं की हाक मारा.

---

नळस्टॉप | शनि, रात्री ८:१४

येतो. इंग्रजी शब्दांत 'ट' कुठला हो?

---

तांबटआळी | शनि, रात्री ८:१६

सवयीने लिहिलं. पन्नास वर्षं 'पाटील' आणि 'फाटक' खोदतोय.

---

आजोबांचाचष्मा | शनि, रात्री ८:३०

पाटील म्हणजे ११३.